निकाल दहा वर्षांनी लागतो : व्हेंचर कॅपिटलमध्ये करिअर करू पाहणाऱ्यांसाठी

नागपूरच्या रामदासपेठेत सेंट्रल बाजार रोडने चालत गेलात तर दोन प्रकारच्या पाट्या सर्वाधिक दिसतात, डॉक्टरांच्या आणि चार्टर्ड अकाउंटंट्सच्या. या वस्तीत वाढलेल्या मुलामुलींना पेशा म्हणजे काय हे लहानपणापासून डोळ्यांसमोर दिसते. रुग्णाला उतार पडला की नाही, हे डॉक्टरला काही दिवसांत कळते. विवरणपत्र मुदतीत आणि बिनचूक भरले गेले की नाही, हे सीएला त्याच हंगामात समजते. काम, त्याचा निकाल आणि त्याची फी यांच्यातले अंतर फार नसते.

याच घरांतली काही मुले आता व्हेंचर कॅपिटलमध्ये जायचे म्हणतात. कुणी व्हीएनआयटीतून इंजिनिअर झालेले असते, कुणी सीए करून मुंबईला दोन वर्षे काढलेली असतात, कुणी आयआयएम नागपूरमध्ये शेवटच्या वर्षाला असते. इच्छा चांगली आहे. पण या पेशात काम आणि निकाल यांच्यात आठ-दहा वर्षांचे अंतर असते, आणि त्याची इतर सगळी आव्हाने या एका गोष्टीतून निघतात. म्हणून या लेखाचा सल्ला एका वाक्यात सांगायचा तर असा : निकाल लागेपर्यंत टिकून राहण्याची सोय आधी करा, मग या वाटेला लागा. ही सोय ज्ञानाची, पैशाची आणि मनाची अशी तिन्ही प्रकारची असावी लागते.

आधी कामाचे स्वरूप

व्हेंचर कॅपिटल फंड स्वतःच्या पैशावर चालत नाही. विमा कंपन्या, बँका, मोठी उद्योजक घराणी, सरकारी निधी, परदेशी विद्यापीठे अशा गुंतवणूकदारांकडून तो ठरावीक मुदतीसाठी पैसा घेतो. त्यांना या क्षेत्रात एलपी म्हणतात. तो पैसा नव्या, शेअर बाजारात नसलेल्या कंपन्यांचे शेअर घेण्यासाठी वापरला जातो. कंपन्या मोठ्या झाल्या की ते शेअर विकून पैसा परत करायचा आणि नफ्यातला ठरलेला वाटा आपण ठेवायचा, असा हा व्यवहार आहे.

भारतात या व्यवसायाची संघटित सुरुवात १९८८ मध्ये आयसीआयसीआय आणि यूटीआय यांनी मिळून उभारलेल्या टीडीआयसीआय या संस्थेने झाली. सेबीचे पहिले व्हेंचर कॅपिटल नियम १९९६ चे. आज हे फंड सेबीच्या २०१२ च्या पर्यायी गुंतवणूक निधी, म्हणजे एआयएफ नियमांखाली पहिल्या श्रेणीत नोंदवले जातात. अशा फंडाचा निधी सर्वसाधारणपणे किमान २० कोटी रुपयांचा असावा लागतो आणि प्रत्येक गुंतवणूकदाराने किमान एक कोटी घालावे लागतात. फंड मुदतबंद असतो. प्रत्यक्षात ही मुदत बहुधा आठ ते दहा वर्षांची ठेवतात, आणि गुंतवणूकदारांपैकी मूल्याने दोन तृतीयांशांची संमती असेल तर ती आणखी दोन वर्षांपर्यंत वाढवता येते.

पहिले आव्हान : वाट पाहणे

आपल्याकडची काही उदाहरणे पाहू. इन्फो एज या कंपनीने २०१० मध्ये झोमॅटोत पहिल्यांदा ४.७ कोटी रुपये घातले. झोमॅटो शेअर बाजारात आली जुलै २०२१ मध्ये. आज तो निर्णय डोळे दिपवणारा वाटतो, पण मधल्या अकरा वर्षांत तो बरोबर होता की चूक, हे कुणीही खात्रीने सांगू शकत नव्हते.

आयआयटी मुंबईच्या तरुणांनी २००७ मध्ये सुरू केलेली आयडियाफोर्ज ही ड्रोन बनवणारी कंपनी नवी मुंबईतली. तिचे शेअर बाजारात आले जुलै २०२३ मध्ये, म्हणजे सोळा वर्षांनी. विक्रीची किंमत होती ६७२ रुपये. पहिल्या दिवशी शेअर तेराशेच्या आसपास उघडला आणि पुढे ६७२ च्याही खाली गेला. म्हणजे बाजारात आल्यावरही निकाल पूर्ण लागलेला नसतो. कधी विकले, यावर बरेच ठरते.

तुलनेने कमी थांबावे लागल्याचे उदाहरण म्हणजे पर्सिस्टंट सिस्टिम्स. डॉ. आनंद देशपांडे यांनी १९९० मध्ये पुण्यात सुरू केलेल्या आणि नागपुरातही मोठे केंद्र असलेल्या या कंपनीत २००५ मध्ये नॉर्वेस्ट आणि गॅब्रिएल या फंडांनी पैसा घातला. कंपनी २०१० मध्ये बाजारात आली. पाच वर्षांत मार्ग मोकळा झाला, पण फंड आले तेव्हा ही कंपनी पंधरा वर्षांची होती, तिला ग्राहक होते आणि नफा होता.

या प्रतीक्षेचा नोकरीवर थेट परिणाम होतो. पंचविसाव्या वर्षी तुम्ही सुचवलेली गुंतवणूक चांगली ठरली की वाईट, हे तुम्ही पस्तिशीला पोचल्यावर कळणार. मधल्या काळात तुमची बढती कशावर ठरते? वरिष्ठांना तुमच्याबद्दल काय वाटते, तुम्ही किती चांगल्या संस्थापकांना फंडापर्यंत आणले आणि तुमच्या कंपन्यांना गुंतवणुकीच्या पुढच्या फेरीत पैसा मिळाला का, यांवर. ही सगळी मोजमापे अर्धवट आहेत. फंडाच्या पहिल्या काही वर्षांत फी आणि खर्च दिसतात, बुडालेल्या कंपन्याही आधी दिसतात. वाढणाऱ्या कंपन्यांना वेळ लागतो. म्हणून जवळजवळ प्रत्येक फंडाच्या परताव्याचा आकडा सुरुवातीला उणे असतो. ज्याला दर तिमाहीत शाबासकी लागते, त्याला हे फार जड जाते.

दुसरे आव्हान : बहुतेक गुंतवणुका पैसे परत देणार नाहीत

अमेरिकेतल्या कोरिलेशन व्हेंचर्स या फंडाने २००४ ते २०१३ या काळातल्या एकवीस हजारांहून अधिक गुंतवणुकी तपासल्या. त्यांपैकी सुमारे ६५ टक्के गुंतवणुकींत घातलेली मुद्दलही परत आली नाही. दहापट किंवा त्याहून जास्त परतावा देणाऱ्या होत्या सुमारे ४ टक्के. या पेशाचे सगळे अर्थकारण त्या चार टक्क्यांवर उभे आहे.

आपल्याकडच्या हुशार विद्यार्थ्यासाठी ही सर्वांत कठीण गोष्ट आहे. दहावीपासून सीएच्या अंतिम परीक्षेपर्यंत चूक कमी करणे हेच शिकवलेले असते. इथे शंभरातली पासष्ट उत्तरे चुकूनही तुम्ही उत्तम ठरू शकता आणि नव्वद उत्तरे बरोबर देऊनही अपयशी, कारण उरलेल्या दहांतच ती एक मोठी कंपनी होती. सुरक्षित कंपन्या निवडणाऱ्याचा फंड बुडत नाही, पण मोठाही होत नाही. अमेरिकेतल्या कॉफमन फाउंडेशनने २०१२ मध्ये स्वतः गुंतवणूक केलेल्या शंभर व्हेंचर फंडांचा हिशेब मांडला. फी आणि नफ्यातला वाटा वजा केल्यावर त्यांतल्या ६२ फंडांना साध्या शेअर बाजारापेक्षा जास्त परतावा देता आला नव्हता.

सोडून दिलेल्या कंपन्यांचे दुःखही वेगळे असते. बेसेमर व्हेंचर पार्टनर्स हा जुना अमेरिकी फंड आपण नाकारलेल्या आणि पुढे प्रचंड मोठ्या झालेल्या कंपन्यांची यादी जाहीरपणे छापतो. त्यात गूगल आहे, ॲपल आहे. हे त्यांना करता येते, कारण त्यांनी आपल्या चुका नोंदवून ठेवल्या. तुम्हीही हेच करा. प्रत्येक निर्णयाच्या दिवशी कारणे लिहून ठेवा. काही वर्षांनंतर स्मरणशक्ती आपल्या बाजूने साक्ष देते. त्या दिवशीचा कागद तसे करत नाही.

तिसरे आव्हान : कागदावरचे मूल्य

नव्या फेरीत एखाद्या कंपनीचे मूल्यांकन वाढले की फंडाच्या वहीत नफा दिसतो. तो नफा अजून कुणाच्या खिशात गेलेला नसतो. बायजूज या ऑनलाइन शिकवणीच्या कंपनीचे मूल्यांकन २०२२ मध्ये २२ अब्ज डॉलर होते. तिच्यातल्या मोठ्या गुंतवणूकदारांपैकी एक असलेल्या प्रोसस कंपनीने २०२४ मध्ये आपल्या हिश्श्याचे मूल्य शून्यावर आणले. त्याच्या दोन वर्षे आधीपर्यंत त्याच हिश्श्याच्या जोरावर कित्येक तरुण विश्लेषकांचे बायोडेटा चमकत होते.

म्हणून नोकरी शोधताना एक प्रश्न जरूर विचारा : या फंडाने आपल्या गुंतवणूकदारांना आजवर रोख किती परत केले? या प्रमाणाला डीपीआय म्हणतात. शंभर रुपये घेऊन साठ परत केले असतील तर डीपीआय ०.६. आयआरआर, म्हणजे वार्षिक परताव्याचा दर, हा आकडाही तुम्हाला सांगितला जाईल, पण त्यात कागदावरचे मूल्य मिसळलेले असते. अनुभवी गुंतवणूकदार आता रोख परताव्याकडेच आधी पाहतात. तुम्हीही तिथूनच सुरुवात करा.

चौथे आव्हान : पैसा गुंतवण्याआधी पैसा मागावा लागतो

बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की फंडातला माणूस पैसे देणारा आहे. भागीदार झाल्यावर त्याच्या वेळेचा मोठा भाग पैसे मागण्यात जातो. दर तीन-चार वर्षांनी नवा फंड उभारावा लागतो, तोही जुन्याचा निकाल हाती येण्याआधी. शिवाय व्यवस्थापक किंवा प्रायोजकाने स्वतःचेही पैसे घालावे लागतात, निधीच्या अडीच टक्के किंवा पाच कोटी रुपये, यांपैकी जी रक्कम कमी असेल तेवढी. दोनशे कोटींच्या फंडासाठी ती रक्कम पूर्ण पाच कोटी होते. मध्यमवर्गीय घरातून आलेल्या माणसासाठी ही भिंत उंच आहे. ती ओलांडायला बहुतेकांना आधीची कमाई, आधीच्या फंडातला वाटा किंवा श्रीमंत सहकारी लागतो.

बाजाराच्या लाटाही तुमच्या हातात नसतात. बेन अँड कंपनीच्या अहवालांनुसार भारतातली व्हेंचर गुंतवणूक २०२१ मध्ये ३८.५ अब्ज डॉलर होती, २०२३ मध्ये ती ९.६ अब्जांवर आली आणि २०२४ मध्ये १३.७ अब्जांपर्यंत सावरली. २०२१ मध्ये भरती झालेल्या अनेकांनी वाढलेला बाजार हाच नेहमीचा समजला. तुम्ही घसरणीच्या काळात प्रवेश केलात तर निराश होऊ नका. त्या काळात किमती वाजवी असतात, संस्थापक जमिनीवर असतात आणि शिकायला वेळ मिळतो.

देशातल्या देशात पैसा उभा करणाऱ्यांना एक आधार आहे. केंद्र सरकारने २०१६ मध्ये सिडबीमार्फत १०,००० कोटी रुपयांचा फंड ऑफ फंड्स सुरू केला. त्यातून मदत घेणाऱ्या फंडाने घेतलेल्या रकमेच्या किमान दुप्पट रक्कम स्टार्टअपमध्ये घालावी लागते. भारतातल्या अनेक छोट्या आणि मध्यम फंडांना यातून पहिले बळ मिळाले. अशा फंडांत नोकरी मिळाली तर सरकारी शिस्तीचे अहवाल लिहायला शिकाल. ते पुढे उपयोगी पडते.

पैशाचा खरा हिशेब

घरच्यांचा पहिला प्रश्न पगाराचा असतो आणि तो रास्त आहे. त्यासाठी एक कल्पित हिशेब मांडू. दोनशे कोटींचा फंड आहे. दरवर्षी दोन टक्के व्यवस्थापन फी, म्हणजे चार कोटी. यातून कार्यालयाचे भाडे, प्रवास, वकील, लेखापरीक्षण, अनुपालन आणि सगळ्यांचे पगार भागवायचे. लहान फंडात माणसे कमी का असतात आणि सल्लागार कंपन्या किंवा गुंतवणूक बँकांच्या तुलनेत पगार का कमी पडू शकतो, हे इथे कळते.

खरी कमाई नफ्यातल्या वाट्याची, ज्याला कॅरी म्हणतात. हा वाटा बहुधा वीस टक्के असतो, पण त्याआधी गुंतवणूकदारांना ठरलेला किमान परतावा मिळावा लागतो. तो आठ टक्के धरा. सगळी रक्कम पहिल्याच दिवशी गुंतली आणि दहा वर्षांनी परत आली असे सोपेपणासाठी मानले, तर दोनशे कोटींचे सुमारे ४३२ कोटी झाल्याशिवाय कॅरीचा एक रुपयाही सुटत नाही. फंडाने ५०० कोटी परत केले तर नफा ३०० कोटी, आणि प्रचलित करारांनुसार त्याचे वीस टक्के म्हणजे ६० कोटींपर्यंत कॅरी. ती सगळ्या भागीदारांत आणि चमूत वाटली जाते, तीही आठव्या-दहाव्या वर्षी. फंडाने दोनशेचे चारशे केले, म्हणजे पैसे दुप्पट केले, तरी या गृहीतकावर कॅरी शून्य.

कनिष्ठ पदावर बहुतेक ठिकाणी कॅरी मिळतच नाही. मिळाली तरी ती वर्षावर्षाने आपली होत जाते आणि मधे सोडून गेल्यास उरलेला भाग जातो. म्हणून नियुक्तिपत्र हातात आल्यावर हे विचारा : कॅरी आहे का? कोणत्या फंडातली? किती वर्षांत पूर्ण आपली होते? सोडून गेल्यास काय? फंडाचे कितवे वर्ष चालू आहे आणि किती पैसा गुंतवायचा शिल्लक आहे? मागच्या पाच वर्षांत आतल्या किती जणांना वर चढवले? जो फंड या प्रश्नांची सरळ उत्तरे देतो, तिथे काम करणे सुखाचे असते.

पगारावरच घर चालेल असा हिशेब ठेवा. कॅरी मिळेल असे धरून गृहकर्ज घेऊ नका. निदान वर्षभराचा घरखर्च बाजूला ठेवूनच या क्षेत्रात पाऊल टाका. ही शिल्लक असली की चुकीच्या फंडातून बाहेर पडण्याचे स्वातंत्र्य मिळते.

पाचवे आव्हान : माणसे

या कामात दिवसभर नाही म्हणावे लागते. शेकडो संस्थापक भेटतात आणि वर्षाकाठी मोजक्याच ठिकाणी पैसा जातो. समोरचा माणूस घर गहाण ठेवून आलेला असतो. त्याला महिनोन् महिने लोंबकळत ठेवणे हा या पेशातला सर्वांत सामान्य अन्याय आहे. नकार लवकर द्या, कारण सांगून द्या, लेखी द्या. संस्थापक एकमेकांशी बोलतात. सन्मानाने नाकारलेला माणूस पुढच्या कंपनीच्या वेळी तुमच्याकडेच आधी येतो.

पैसा दिल्यानंतरचे नाते आणखी नाजूक. दर महिन्याचा हिशेब मागायचा, पण कंपनी आपण चालवायची नाही. विक्री अडली की ग्राहक मिळवून द्यायचे, हिशेबात गडबड दिसली की कठोर व्हायचे. जानेवारी २०२३ मध्ये गोमेकॅनिक या वाहन दुरुस्तीच्या स्टार्टअपच्या संस्थापकाने आर्थिक अहवालात चुका केल्याचे जाहीरपणे कबूल केले, आणि त्या कंपनीत नामांकित फंडांचा पैसा होता. मोठे नाव आत आहे म्हणून तपासणीत ढिलाई करू नये, हा त्यातला धडा. बँकेची विवरणे, जीएसटीची विवरणपत्रे आणि विक्रीचे आकडे एकमेकांशी जुळवून पाहणे हे रामदासपेठेतल्या कोणत्याही आर्टिकलशिप केलेल्या मुलाला येते. हे कौशल्य कमी लेखू नका.

इथेच एक गंभीर सावधगिरी सांगायची आहे. आपल्या ओळखीत कमावते डॉक्टर, व्यावसायिक, व्यापारी भरपूर असतात. पाच-दहा लाख प्रत्येकाकडून घेऊन, ‘आपला छोटा फंड’ म्हणून आपल्या खात्यातून स्टार्टअपमध्ये गुंतवण्याचा मोह होतो. नफा वाटून घेण्यासाठी बाहेरच्या लोकांचा पैसा असा एकत्र करून चालवणे सेबीच्या नोंदणीशिवाय करता येत नाही. अगदी नव्या कंपन्यांत पैसा घालणाऱ्या एंजल फंडांतही सेबीच्या २०२५ मधल्या बदलांनंतर अधिमान्य गुंतवणूकदारांनाच प्रवेश आहे. व्यक्तीसाठी त्याचे सरळ निकष म्हणजे वर्षाचे उत्पन्न किमान दोन कोटी रुपये, किंवा निव्वळ मालमत्ता किमान साडेसात कोटी, त्यातली निम्मी वित्तीय स्वरूपात. ओळखीच्या माणसाला खरेच गुंतवायचे असेल तर त्याने स्वतःच्या नावाने, कागदपत्रे वाचून, कंपनीत थेट शेअर घ्यावेत. तुमचे काम सल्ल्यापुरते ठेवा. एका बुडालेल्या व्यवहाराने आयुष्यभराची ओळख आणि पेशाची पत दोन्ही जातात.

जागा थोड्या आहेत, म्हणून दार बाजूने उघडा

व्हेंचर फंडांची कार्यालये मुख्यतः बेंगळुरू, मुंबई आणि दिल्ली परिसरात आहेत. चमू लहान असतात. जागांची जाहिरात बऱ्याचदा निघतच नाही, माणसे ओळखीतून आणि आधीच्या कामावरून घेतली जातात. नागपुरात बसून फक्त अर्ज पाठवत राहिल्याने काही हाती लागण्याची शक्यता कमी. मग काय करावे?

एक, विषय पकडा. ज्याला सगळ्यातले थोडे कळते, असा उमेदवार फंडाकडे रोज येतो. ज्याला एका उद्योगाची नस कळते, तो क्वचित येतो. या बाबतीत नागपूर फार समृद्ध आहे. कापसाचे केंद्रीय संशोधन केंद्र इथे आहे, लिंबूवर्गीय फळांचे आहे, पर्यावरण अभियांत्रिकीचे नीरी १९५८ पासून आहे. कोळशाच्या वेस्टर्न कोलफिल्ड्सचे आणि मँगनीजच्या मॉइलचे मुख्यालय इथे आहे. सोलर इंडस्ट्रीजच्या समूहाने बनवलेली नागास्त्र-१ ही आत्मघाती ड्रोन्स २०२४ मध्ये लष्कराला दिली गेली. रामदासपेठ आणि धंतोलीच्या दवाखान्यांत मध्य भारतातून रुग्ण येतात. वैद्यकीय उपकरण बनवणाऱ्या स्टार्टअपचे यंत्र डॉक्टर का विकत घेत नाहीत, हे मुंबईतल्या फंडाला विचारूनही कळणार नाही. तुम्ही दहा दवाखान्यांत बसून समजून घेऊ शकता. यांतला एक विषय निवडा आणि दोन वर्षे त्यात मुरा.

दोन, जाहीर कागद वाचायला शिका. शेअर बाजारात येणाऱ्या बहुतेक मोठ्या कंपन्यांच्या माहितीपत्रकाचा मसुदा सेबीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो. त्यातले भांडवल रचनेचे प्रकरण उघडा. कोणत्या तारखेला, कुणाला, कोणत्या किमतीला शेअर दिले, याची पूर्ण यादी तिथे असते. आयडियाफोर्जचा किंवा पुण्याच्या फर्स्टक्रायचा मसुदा घेऊन प्रत्येक फंडाने किती घातले, किती वर्षे थांबले आणि पटीत किती मिळाले, हे स्वतः मांडा. अशी पाच कंपन्यांची मांडणी केलेल्या उमेदवाराशी मुलाखतीत वेगळ्या पातळीवर बोलणे होते. सूचीबद्ध न झालेल्या कंपन्यांचे वार्षिक हिशेबही कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर अल्प शुल्कात पाहता येतात.

तीन, निर्णयाची वही ठेवा. महिन्याला एक खरी कंपनी निवडा आणि दोन पानांचे टिपण लिहा : ती कुणाची कोणती अडचण सोडवते, पैसे कोण देतो, काय खरे ठरले तर ती दहापट होईल, काय झाले तर बुडेल, आणि मी पैसे घातले असते का. तारीख टाका. वर्षाने परत वाचा. निकाल उशिरा लागणाऱ्या या पेशात स्वतःला शिकवण्याचा याहून स्वस्त मार्ग नाही.

चार, जवळची दारे ठोठवा. आयआयएम नागपूरचे उद्योजकता केंद्र, शहरातल्या अभियांत्रिकी संस्थांची इनक्युबेशन केंद्रे, राज्याच्या नाविन्यता सोसायटीचे कार्यक्रम इथे संस्थापक भेटतात. एखाद्या स्टार्टअपमध्ये हिशेब, विक्री किंवा कारखाना सांभाळण्याची नोकरी मिळाली तर ती आनंदाने घ्या. महिनाअखेरीस पगाराला पैसे पुरतील की नाही, ही चिंता जवळून अनुभवलेला माणूस पुढे संस्थापकासमोर बसतो तेव्हा त्याच्या प्रश्नांना वजन असते.

पाच, कागदी पात्रतेची योग्य जागा ओळखा. फंडाच्या मुख्य गुंतवणूक चमूतल्या किमान एकाने राष्ट्रीय प्रतिभूती बाजार संस्थेची, म्हणजे एनआयएसएमची, एआयएफ व्यवस्थापकांसाठीची परीक्षा उत्तीर्ण केलेली असावी, अशी सेबीची अट आहे. ही परीक्षा घरून अभ्यास करून देता येते आणि नियमांची चौकट पक्की होते. सीए, कायदा किंवा सीएफए असेल तर उत्तम. अनिवार्यपणे रूपांतर होणारे प्राधान्य शेअर, विक्रीच्या वेळी आधी कुणाला पैसे मिळणार याचा क्रम, नवी फेरी कमी किमतीत झाली तर जुन्या गुंतवणूकदाराचे संरक्षण, ही कलमे वाचता येणे रोजच्या कामाचे आहे. पण पदवी फार तर दारापर्यंत नेते. आत बसवतो तो तुमचा विषय.

घरच्यांशी बोलताना

आईवडिलांना ‘मी मोठ्या कंपन्यांत पैसे गुंतवणार’ एवढेच सांगू नका. पगार किती, मुदत किती, फंड बंद झाला तर काय, हे आकड्यांत सांगा. तुमच्या फंडाने पुढचा निधी उभारला नाही तर नोकरी जाऊ शकते, हेही सांगा. त्याचबरोबर परतीच्या वाटा सांगा : कंपनीत अर्थप्रमुखाचे काम, उद्योजक घराण्याच्या गुंतवणूक कार्यालयातली नोकरी, विलीनीकरण-अधिग्रहणाचा सल्ला, स्वतःचा व्यवसाय. पाच वर्षे मनापासून केलेले काम या सगळीकडे मोजले जाते. आणि पालकांना विनंती अशी की, मुलगी हे क्षेत्र निवडत असेल तर प्रवासाचे आणि अवेळी बैठकांचे कारण देऊन तिला मागे खेचू नका. भागीदारांच्या खुर्च्यांवर स्त्रिया आजही कमी आहेत. ती संख्या वाढायची तर सुरुवात घरातून व्हावी लागेल.

हे तुमच्यासाठी आहे का?

तुम्हाला कंपनी चालवण्यात, कारखान्याच्या मजल्यावर उभे राहण्यात, स्वतःच्या हाताने काही घडवण्यात खरा आनंद असेल, तर कंपनीच काढा. फंडात बसून दुसऱ्याला ते करताना पाहणे तुम्हाला सुख देणार नाही. लवकर आणि ठरलेले उत्पन्न हवे असेल तर प्रॅक्टिस, बँक किंवा मोठ्या कंपनीतली नोकरी अधिक न्याय देईल, आणि त्यात कमीपणा काही नाही.

पण एखाद्या अनोळखी उद्योगात शिरून त्याची नस शोधण्यात तुम्ही रमत असाल, दुसऱ्याच्या यशात आपले नाव मागे राहिले तरी समाधान मिळत असेल, आणि आपल्या निर्णयाची कारणे लिहून ठेवून काही वर्षांनी ती तपासण्याचे धैर्य असेल, तर या पेशाला तुमची गरज आहे. विदर्भातल्या कापसापासून वैद्यकीय उपकरणांपर्यंतच्या उद्योगांना समजून घेऊन पैसा देणारी माणसे आज फार थोडी आहेत. ती इथल्याच घरांतून तयार झाली तर इथल्या संस्थापकांना प्रत्येक वेळी आपला प्रश्न परक्या शहरात जाऊन पहिल्यापासून समजावून सांगावा लागणार नाही. त्यासाठी या महिन्यातच एक विषय निवडा, एका कंपनीचा मसुदा उघडा आणि पहिले दोन पानी टिपण तारखेसह लिहा.